मोजणीवाले आले म्हणजे वावर गेलं, असं नसते

परवा मूल-गडचिरोली रस्त्यावरच्या एका फाट्यावर चहाला थांबलो होतो. कडुनिंबाच्या सावलीत दोन पोरं प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून बसली होती. मांडीवर पॅड, पॅडवर छापील तक्ता, हातात पेन. एक गाडी गेली की एक रेघ. टपरीवर मात्र वेगळाच हिशेब सुरू होता.

"मोजणीवाले आले जी. आता रोड मोठा होते अन् आपलं वावर जाते."

"वावर नाही जात, टोलनाका बसते इथं."

"काही नाही रे, खाणीवाल्यायचे माणसं आहेत ते."

त्या पोरांना जाऊन विचारावं, असं कोणाला वाटलं नव्हतं. मी विचारलं. वाहनगणना सुरू होती. दोघंही जवळच्याच गावचे, बारावी झालेले, आठ तासांच्या पाळीवर बसलेले. एक जण म्हणाला, "काका, सकाळपासून दहा जणांनी रागानं पाहिलं. विचारलं तुम्हीच पहिले." म्हणून ही पोस्ट. थोडी लांब आहे, पण वाचा. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत रस्त्यावरून जितकं भांडण आहे तितकं क्वचितच दुसऱ्या कशावरून असेल, आणि त्या भांडणाचं मूळ बऱ्याचदा या तक्त्यातल्या रेघांमध्ये असतं.

घोळ शब्दापासूनच सुरू होतो. आपल्याकडे 'मोजणी' म्हटली की भूमी अभिलेखवाले आठवतात. 'सर्वे' म्हटलं की सातबारा आणि सर्वे नंबर. त्यामुळे रस्त्याच्या कडेला कोणी कागद घेऊन उभा राहिला की पहिला विचार जमिनीचाच येतो. त्यात आपला भाग असा, की अनोळखी माणूस काही लिहून घेताना दिसला की कोणासाठी लिहितो, ही शंका आधी येते. ती शंका इथल्या माणसाला का येते हे सांगायची गरज नाही. पण वाहनगणना ही जमिनीची मोजणी नाही. साध्या गणनेत गाडीचा नंबरसुद्धा लिहीत नाहीत. फक्त प्रकार लिहितात: दुचाकी, कार, बस, ट्रक, ट्रॅक्टर, सायकल, बैलगाडी.

आता थोडा इतिहास, कारण त्याशिवाय यातली गोम कळत नाही.

1927 साली इंग्रज सरकारने देशातल्या रस्त्यांचा विचार करायला एक समिती नेमली. अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, म्हणजे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले तेच. मोटारी वाढत होत्या आणि प्रांतांकडे रस्त्यांसाठी पैसा नव्हता. जयकर समितीने 1928 मध्ये सांगितलं की पेट्रोलवर जादा कर बसवा आणि तो पैसा रस्त्यांवरच खर्च करा. त्यातून 1929 मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला, गॅलनमागे दोन आणे. 1934 मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. हा राजकीय पक्ष नव्हे, रस्ते बांधणाऱ्या अभियंत्यांची संस्था आहे. आजही रस्ता किती रुंद, किती जाड, गाड्या कशा मोजायच्या, याचे नियम हीच संस्था छापते.

पैसा आला की तो कुठे खर्चायचा हा प्रश्न येतो. त्याचं उत्तर ठरलं आपल्या नागपुरात. डिसेंबर 1943 मध्ये देशभरातले मुख्य अभियंते नागपूरला जमले आणि वीस वर्षांचा रस्ते आराखडा तयार झाला. तोच 'नागपूर प्लॅन'. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा रस्ते, ग्रामीण रस्ते ही जी उतरंड आपण आज बोलतो, ती त्या बैठकीतली आहे.

त्या आराखड्यात एक सूत्र होतं. कोणत्या भागाला पक्के मोठे रस्ते किती मैल हवेत, हे त्या सूत्राने काढायचं. शेतीखालच्या दर 5 चौरस मैलांमागे 1 मैल रस्ता. शेती नसलेल्या दर 20 चौरस मैलांमागे 1 मैल. त्यात मोठी गावं आणि शहरं असतील तर त्यांची भर, आणि रेल्वे असेल तर तेवढी वजावट. म्हणजे 100 चौरस मैल शेतीच्या मुलखाला 20 मैल रस्ता, आणि तेवढ्याच जंगलाला 5 मैल. सरळ पाव हिस्सा! तेव्हाचा चांदा जिल्हा म्हणजे आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून, सिरोंच्यापर्यंत पसरलेला. निम्म्याहून जास्त जंगल. बैठक आपल्या राजधानीत झाली, पण सूत्रात आपला मुलूख 'शेती नसलेला' या खान्यात पडला.

यात कोणाचा दुष्टावा होता असं मी म्हणत नाही. जिथे माल जास्त आणि माणूस जास्त तिथे रस्ता आधी, हा विचार साधा होता. 1961 ते 1981 साठीचा पुढचा आराखडा आला, तोही भाग विकसित आहे की अविकसित हे पाहूनच अंतरं ठरवत होता. विकसित शेतीच्या भागात कोणतंही गाव पक्क्या रस्त्यापासून 4 मैलांहून लांब नसावं, आणि अविकसित भागात 12 मैल चालेल, असं त्यात होतं. डोक्यावर मोहाची टोपली घेऊन 12 मैल चालून पाहिलं तर त्या आकड्याचा अर्थ कळतो.

गाड्या मोजण्याचे नियम आज ज्या पुस्तिकेतून येतात तिची सुधारित आवृत्ती 1972 ची आहे. त्यातल्या गोष्टी साध्या आणि शहाण्या आहेत. गणना वर्षातून निदान दोनदा करा: एकदा सुगीच्या आणि बाजाराच्या गर्दीत, एकदा रिकाम्या हंगामात. दर वेळी सलग सात दिवस, रोज चोवीस तास, आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या. जाणारी आणि येणारी गाडी वेगळी लिहा. मोजणीची जागा गावाच्या वस्तीपासून दूर ठेवा, नाहीतर बाजारात जाणाऱ्या सायकलीच मोजत बसाल. जत्रा किंवा प्रदर्शन असेल तर मोजणी काही दिवस पुढे ढकला. मोजणारा मिडल किंवा मॅट्रिक शिकलेला असावा. चार गाड्यांच्या चार उभ्या रेघा, पाचवीची आडवी. फाट्यावरची पोरं पन्नास वर्षांनंतरही तेच करत होती. आता रस्त्यावर आडवी रबरी नळी टाकून किंवा कॅमेरा लावूनही मोजतात, पण हिशेब तोच.

पुढे या रेघांचं काय होतं? प्रत्येक गाडीला एक वजन देतात. कार म्हणजे 1. दुचाकी अर्धी, सायकल अर्धी. बस किंवा ट्रक 3. ट्रॅक्टर-ट्रॉली साडेचार. आणि बैलगाडी 8! हसू नका. गाडीने रस्त्यावर किती जागा अडवली आणि मागच्यांना किती खोळंबवलं, याचा तो आकडा आहे. सगळ्यांची बेरीज करून रुंदी ठरते. सपाट भागात एकेरी रस्त्याला दिवसाला ढोबळ 2,000, साडेपाच मीटरच्या रस्त्याला 6,000, दुपदरीला 15,000. बेरीज त्याच्या वर गेली की रुंदीकरणाची मागणी कागदावर टिकते. निवेदनं कितीही द्या, हा आकडा नसेल तर फाईल हलत नाही.

यातली एक गोष्ट मला नेहमी खटकते. खचाखच भरलेली एसटी म्हणजे 3 आणि रिकामा ट्रक म्हणजेही 3. मानव विकासच्या सायकलीवर शाळेत जाणारी पोरगी म्हणजे अर्धा. त्याच रस्त्याच्या कडेने पायी जाणारी तिची लहान बहीण म्हणजे शून्य, कारण या तक्त्यात पायी माणसाला खानाच नाही. पायी चालणाऱ्यांची गणना वेगळी असते, ती मागावी लागते.

गणनेचा दुसरा दोष आपल्या भागाने पुरेपूर भोगला. गाड्या मोजून रस्ता द्यायचा, तर जिथे रस्ताच नाही तिथे गाडी येणार कुठून? आणि गाडी नाही म्हणून रस्ता नाही. हे चक्र 2000 साली प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने मोडलं. तिथे गाड्या नाही, माणसं मोजली. साध्या भागात 500 वस्तीचं गाव, डोंगरी आणि आदिवासी भागात 250 चं, आणि पुढे नक्षलग्रस्त तालुक्यांत 100 ची वस्तीसुद्धा पात्र ठरली. धानोरा, एटापल्ली, भामरागडच्या कितीतरी गावांना पहिला डांबरी रस्ता गाड्यांच्या आकड्यावर नाही, माणसांच्या आकड्यावर मिळाला. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला 26 ऑगस्ट 1982 ला. तिथले अनेक रस्ते त्याहून वयाने लहान आहेत.

पण रस्ता द्यायचा की नाही हे माणसांवर ठरलं, तरी तो किती जाड करायचा हे गाड्यांवरच ठरतं. इथे खरी मेख आहे.

1958 ते 1960 या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ एक मोठा प्रयोग झाला. मुद्दाम रस्त्यांचे फेरे बांधले आणि त्यावर लष्कराचे ड्रायव्हर ठरावीक वजनाचे ट्रक रात्रंदिवस फिरवत राहिले. चाकांच्या सुमारे 11 लाख फेऱ्या झाल्या. त्यातून निघालेला ढोबळ नियम आजही जगभर वापरतात: आसावरचं वजन दुप्पट झालं तर रस्त्याची झीज दुप्पट नाही, सोळापट होते. अर्धा टन आसाची कार आणि 8 टन आसाचा ट्रक घ्या. वजन सोळापट, पण त्या एका आसाच्या फेरीने होणारी झीज कारच्या आसाच्या 65 हजार फेऱ्यांएवढी. म्हणून 'गाड्या किती' या आकड्याने रुंदी कळते, जाडी कळत नाही. जाडीसाठी ट्रक थांबवून चाकाखाली वजनाची पाटी ठेवावी लागते. त्याला आसभार सर्वेक्षण म्हणतात.

आपल्याकडे जुलै 2018 मध्ये केंद्राने चार टायरच्या एका आसावरची मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टन केली. वजन वाढलं जेमतेम 13 टक्के. वरच्या नियमाने झीज वाढते सुमारे 60 टक्के. आणि त्याआधी बांधलेले रस्ते जुन्याच हिशेबाचे.

आता सूरजागड घ्या. खाणीच्या आधी आलापल्ली-आष्टी रस्त्यावर कोणी सात दिवस बसलं असतं तर काय लिहिलं असतं? एसटी, जीपा, लाकडाचे आणि तेंदूचे ट्रक, धानाचे ट्रॅक्टर. त्यावर पाच-सात टक्के वार्षिक वाढ धरायची आणि जाडी काढायची, अशीच पद्धत आहे. ती पद्धत हळूहळू वाढणाऱ्या रहदारीसाठी आहे. 2023 मध्ये त्या खाणीची उत्खनन मर्यादा वर्षाला 30 लाख टनांवरून 1 कोटी टन झाली. सोपा गुणाकार करा. 1 कोटी टन म्हणजे रोजचे सुमारे 27,400 टन. सगळं ट्रकनेच न्यायचं आणि एका ट्रकमध्ये 25 टन धरले, तर भरलेल्या 1,100 फेऱ्या आणि तेवढ्याच रिकाम्या. 2,200 गुणिले 3 म्हणजे 6,600. साडेपाच मीटरच्या रस्त्याची मर्यादा एकट्या खाणीनेच ओलांडली, एसटी आणि सायकल अजून मोजायचीच आहे. आता 2025 पासून हेडरी ते कोनसरी नळवाहिनीने काही खनिज जातं, त्यामुळे प्रत्यक्ष फेऱ्या कमी असतील. पण मुद्दा कळावा म्हणून हा हिशेब. मागच्या वर्षांच्या रेघांतून पुढची खाण दिसत नाही.

खाणीच्या, कोळशाच्या रस्त्यांवर एक गोष्ट तुम्हीही पाहिली असेल. रस्त्याची एक बाजू उखडलेली आणि दुसरी बरी. भरलेले ट्रक एका दिशेने जातात, रिकामे दुसऱ्या दिशेने येतात. येणारी-जाणारी वेगळी लिहा, हे 1972 चं सांगणं किती शहाणं होतं ते घुग्घुसकडे जाऊन पाहावं.

हंगामाचंही तसंच. 'सुगीत एकदा मोजा' हा नियम चांगला, पण आमची सुगी कोणती? धानाची दिवाळीनंतर. तेंदूची मे महिन्यात, जेव्हा बाकी महाराष्ट्रात शेतरस्ते ओस असतात. मे मध्ये 'रिकामा हंगाम' समजून एटापल्लीच्या आतल्या रस्त्यावर बसलात तर उलटाच आकडा मिळेल. मार्कंड्याच्या महाशिवरात्रीला किंवा चंद्रपूरच्या महाकाली यात्रेत मोजलं तर फुगलेला मिळेल. आणि पर्लकोटेला पूर आला, भामरागड तुटलं, त्या आठवड्यात मोजलं तर शून्य मिळेल. त्या शून्याचा अर्थ 'रस्त्याची गरज नाही' असा नसून 'पुलाची गरज आहे' असा होतो, हे तक्ता सांगत नाही. ते गावानेच सांगायचं असतं.

रात्रीचंही विसरू नका. फक्त दिवसाचे बारा तास मोजले तर रात्री सुटणारे ट्रक दिसत नाहीत, आणि आपल्या जंगलात जनावर रस्ता ओलांडतं ते बहुतेक रात्रीच. पेंचमधून जाणाऱ्या नागपूर-जबलपूर महामार्गाखाली जनावरांसाठी भुयारी वाटा केल्या आणि तिथे कॅमेरे लावून जनावरंही मोजली. वाघासकट सगळे त्या वाटा वापरतात हे मोजल्यावरच ठरलं. आपल्या ताडोबाभोवतीच्या रस्त्यांवर अशी मागणी करायची तर रात्रीच्या गाड्यांचा आकडा हाताशी हवा.

आता कामाचं. मोजणीवाले दिसले तर काय लक्षात ठेवायचं?

1. मोजणी म्हणजे भूसंपादन नाही. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घ्यायची तर 1956 च्या कायद्याखाली 'थ्री-ए'ची अधिसूचना निघावी लागते आणि ती प्रसिद्ध झाल्यापासून 21 दिवसांत हरकत घेता येते. लक्ष तिथे ठेवा, फाट्यावरच्या पोरावर राग काढू नका.

2. कधी कधी पोलिसांच्या मदतीने गाडी थांबवून विचारतात: कुठून आलात, कुठे चाललात, गाडीत काय, कशासाठी. हे खरं सांगा. गावाला वळणरस्ता हवा असेल तर गावात न थांबता पुढे जाणाऱ्या गाड्या किती, हे याच उत्तरांतून सिद्ध होतं. मात्र या कामासाठी आधार क्रमांक, बँक खातं, ओटीपी लागत नाही. कोणी मागितला तर तो सर्वेक्षणवाला नव्हे.

3. मोजणाऱ्याला विचारा: कोणत्या कार्यालयाचं काम, किती दिवस, रात्रपाळी आहे का. ग्रामीण रस्त्यांसाठी बऱ्याचदा तीनच दिवस मोजतात. मग ते तीन दिवस कोणते, याला फार महत्त्व येतं. बाजाराचा वार त्यात आहे का ते पाहा.

4. आकडे गुप्त नसतात. माहिती अधिकारात 10 रुपयांचा अर्ज करून गणनेचे तक्ते, जागा आणि तारखा मागता येतात. उत्तराची मुदत 30 दिवस.

5. खाण किंवा कारखान्याची पर्यावरण जनसुनावणी असेल तर अहवालात रहदारीचा भाग असतो. सुनावणीची सूचना किमान 30 दिवस आधी द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश मराठीत मिळतो. भाषणं सगळेच करतात. त्याऐवजी एवढंच विचारा: गाड्या कोणत्या महिन्यात, कोणत्या ठिकाणी, किती तास मोजल्या? आसभार तपासला का? उत्तर इतिवृत्तात लिहायला लावा.

6. गावाला स्वतः मोजता येतं. कॉलेजची सहा पोरं, तीन पाळ्या, एक वही. सात दिवसांचा तक्ता ग्रामसभेत वाचून ठरावाला जोडा. वनहक्क कायद्यात एक हेक्टरपर्यंतच्या वनजमिनीवर गावाच्या रस्त्यासाठी ग्रामसभेची शिफारस लागतेच. तिथेही हा तक्ता कामी येतो. सरकारी गणनेची जागा तो घेणार नाही, पण 'तुमचा आकडा चुकला' असं म्हणायला आपल्या हातात आकडा असेल.

आणि ज्यांच्याकडून ही कामं होतात त्यांनाही एक विनंती. मोजायला बसण्याआधी ग्रामपंचायतीत आणि पोलीस पाटलाकडे एक कागद द्या, खुर्चीमागे 'वाहनगणना सुरू आहे' अशी मराठीत पाटी लावा. दोनशे रुपयांचं काम आहे. त्या पोरांकडे दिवसभर कोणी रागानं पाहणार नाही.

त्या दिवशी टपरीवर हे सगळं सांगितल्यावर मघाशी वावराची काळजी करणारे काका उठले, पोरांकडे गेले आणि म्हणाले, "अन् रातच्याला दोन वाजता जाते ते ट्रक मोजता का नाही?" पोरगा म्हणाला, "रात्रपाळीवाले मोजतील जी." काका म्हणाले, "मी जागाच रायतो. येऊन पाहीन."

हाच प्रश्न. तुमच्या फाट्यावर कोणी मोजताना दिसलं तर तेवढाच विचारा, आणि उत्तर काय मिळालं ते खाली लिहा.